पत्रा टाकायच्या आधी

प्रश्न : निपाणीजवळ राष्ट्रीय महामार्ग 48 ला लागून आमची दोन एकर काळी जमीन आहे. मुलगा तिथं 200 बाय 100 फुटांचं गोदाम बांधून भाड्यानं देणार आहे. कंत्राटदार म्हणतो, आधी सांगाडा उभा करून पत्रा टाकू. सोलर, पावसाचं पाणी वगैरे पुढं पैसे आले की बघू. असं चालेल का? पत्र्याचं गोदाम आतून फार तापतं, असंही ऐकते.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, बाकी काहीही पुढं ढकला, छपराचा निर्णय ढकलू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. वीसेक वर्षांपूर्वी बेळगावच्या उत्तरेला एका गोदामाचं डिझाइन मी केलं. मालक खर्च कमी करा म्हणाले, म्हणून पत्रा ज्यांच्यावर बसतो ते पर्लिन मी हलके धरले. पुढं त्यांना सोलर बसवायचं झालं, तेव्हा हिशेब माझ्याकडंच आला. पॅनेल आणि चौकट मिळून चौरस मीटरला साधारण 15 किलो वजन येतं, वाऱ्याची ओढ वेगळी. ते छप्पर हे पेलणारं नव्हतं. त्यांना तसं सांगताना मान खाली गेली. सुरुवातीलाच धरलं असतं, तर लोखंड थोडंच वाढलं असतं.

तुमच्या जागेवर आधी दिशा बघा. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे मावळतीचं ऊन 100 फुटांच्याच भिंतीवर येईल आणि छपराचा एक उतार दक्षिणेला मिळेल. तो दहा हजार चौरस फुटांचा. सोलरच्या एका किलोवॉटला शंभर चौरस फूट धरले आणि चालायच्या वाटा सोडल्या, तरी 70-80 किलोवॉट बसतात. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. उजेडाचे पॉलिकार्बोनेट पत्रे उत्तरेच्या उतारावर घाला, पण एकूण छपराच्या 3 ते 5 टक्केच. जास्त घातले की उजेडाबरोबर उष्णताही आत येते. माल चढवायची दारं पश्चिमेला नकोत, पाऊस आपल्याला तिकडूनच झोडपतो.

आता तापण्याचं. माझे वडील निपाणीतच तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो. एप्रिलच्या भर दुपारी आत पाऊल टाकलं की अंगावरचा घाम सुकायचा. जाड भिंती, वर कौलं, आढ्याखाली झरोके. तापलेली हवा वर चढून निघून जायची आणि खालून गार हवा यायची. तुमच्या गोदामाला कौलं नसतील, पण हवेची वाट तशीच ठेवता येते. लोक छपरावर गोल फिरणारे व्हेंटिलेटर बसवतात आणि खाली हवा शिरायला फटही ठेवत नाहीत. मग वरून निघणार काय? भिंतीत खालच्या बाजूला जाळीचे लूव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांचे झरोके, हवेतच. बंद करता येणारे घ्या, कारण गुळाचा व्यापारी भाड्यानं आला तर पावसाळ्याच्या दमट हवेत गूळ पाझरतो. पत्रा पांढरा निवडा, त्याच्याखाली 50 मिलिमीटर ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारा काचतंतूंचा थर. थंडीत पहाटे उघडा पत्रा आतून घामेजतो आणि थेंब मालावर पडतात, तेही यानं थांबतं.

पाण्याचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं छप्पर 1,858 चौरस मीटरचं. वर्षाला 600 मिलिमीटरच पाऊस धरा, त्यातला पंधरा टक्के वाया गेला असंही धरा, तरी साडेनऊ लाख लिटर हाती राहतं. पाच हजार लिटरचे जवळपास 190 टँकर की हो! हे पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं तर भांडण, आणि पायाशी मुरलं तर काळी माती फुगते, सुकली की आकसते नि फरशी तडकते. म्हणून फरशीखालची काळी माती काढून मुरूम थरांथरांनी दाबून भरा. पन्हळीचं पाणी हौदात घ्या, पहिल्या पावसाचं मळकं पाणी बाजूला काढायची सोय ठेवा. हौद भरल्यावरचं पाणी गाळून बोअरच्या शोषखड्ड्यात सोडा, तोही इमारतीपासून लांब.

करारावर सही करण्याआधी कंत्राटदाराकडून दोन गोष्टी कागदावर घ्या. सोलरचं वजन छपराच्या हिशेबात धरलंय का, आणि पन्हळीचं पाणी कुठून कुठं जातं त्याचा नकाशा. मातीच्या तपासणीचा अहवाल सोबत जोडून ते कागद मला पाठवा, मी बघून कळवतो.