पीएचडीचा विषय ठरवण्याआधी

फोंडा, गोवा

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पीएचडी क्रिप्टोग्राफीतच, म्हणजे माहिती गुप्त आणि सुरक्षित ठेवायच्या गणितातच करायची हे तुझं पक्कं दिसतंय. विषय कोणता घ्यावा, असं विचारलंस. पेपर नंतर वाच. आधी कळंगुटला एखाद्या लहान गेस्ट हाऊसच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहा. पाहुणा आधार कार्ड पुढे करतो, काउंटरवरचा पोरगा स्वतःच्याच मोबाइलवर त्याचा फोटो काढतो आणि चावी देतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, नंबर सगळं त्या पोराच्या गॅलरीत. मांडवीतल्या कॅसिनोला फक्त वय एकवीस झालंय का एवढंच हवं, तरी माणूस अख्खं कार्ड हातात देतो. हवं किती आणि दिलं जातं किती, यातला फरक म्हणजे आपला विषय.

त्यावरचं गणित काही नवं नाही. डेव्हिड चॉम यांनी आंधळ्या सहीची, म्हणजे आत काय आहे ते न बघता करायच्या डिजिटल सहीची कल्पना 1982 मध्ये मांडली. गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांचा झीरो-नॉलेज प्रूफचा, म्हणजे बाकी काहीच न सांगता एखादी गोष्ट खरी असल्याचं सिद्ध करायचा पेपर 1985 चा. कॅमेनिश आणि लिसियान्स्काया यांची अनामिक क्रेडेन्शियल्स, म्हणजे नाव न सांगता हवं तेवढंच सिद्ध करणारी डिजिटल ओळखपत्रं, 2001 ची. काउंटर मात्र आहे तिथेच आहे. घोडं कुठे अडलं, ते शोध.

मला विचारशील तर रद्द करण्यापाशी. समजा, एकाचा मोबाइल चोरीला गेला आणि त्यातलं क्रेडेन्शियल बाद करायचंय. प्रत्येक क्रेडेन्शियलला क्रमांक देऊन बाद क्रमांकांची यादी सगळ्या काउंटरांना वाटली, तर काम होतं. पण मग गेस्ट हाऊसवाला आणि रेंट-अ-बाइकवाला तोच क्रमांक जुळवून माणूस ओळखणार. नाव लपवून काय साधलं? कॅमेनिश आणि लिसियान्स्काया यांनीच 2002 मध्ये ॲक्युम्युलेटरची, म्हणजे सगळी यादी एकाच छोट्या आकड्यात गुंडाळायची वाट दाखवली: क्रमांक न सांगता, आपलं क्रेडेन्शियल अजून चालू आहे एवढंच सिद्ध करायचं. वाट सुंदर आहे. पण यादी बदलली की ज्याने त्याने आपला पुरावा ताजा करायचा, आणि नेमकं तेव्हा नेटवर्क नसतं. शिवाय मोबाइलमधली सुरक्षित चिप सहसा ईसीडीएसए ही नेहमीच्या वापरातली साधी डिजिटल सही करते. अनामिक क्रेडेन्शियल्सना सोयीची सही म्हणजे बीबीएस, पण तिला लागणाऱ्या पेअरिंगच्या खास गणिती वक्रांशी त्या चिपचा संबंध नसतो. असल्या कटकटींत चांगले प्रबंध दडलेले असतात. तक्त्यात दोन मिलिसेकंद कमी करून दाखवणारे पेपर छापून येतात खरे, मला त्यांचा कंटाळा येतो.

अमुक गणित सोडवणं अवघड आहे, अशा एकाच गृहीतकावर सगळं करिअर टांगू नकोस. साइक हा गुप्त किल्ली ठरवायचा प्रोटोकॉल असल्याच एका गृहीतकावर उभा होता आणि निस्ट या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या निवडप्रक्रियेत चौथ्या फेरीपर्यंत पोचला होता. 2022 मध्ये कास्त्रिक आणि देक्रू यांनी तो एका साध्या प्रोसेसर कोअरवर तासाभरात फोडला. म्हणून पहिल्या वर्षी रचण्यापेक्षा फोडायलाच जास्त शिक.

गाईडबद्दल एवढंच: संस्थेचं नाव बघू नकोस, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठ आणि पेपर रिजेक्ट झाला की सर काय म्हणतात, ते विचार.

चतुर्थीला गावी येशील तेव्हा नीडहॅम–श्रोडरचा पब्लिक-की प्रोटोकॉल, म्हणजे दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची पद्धत, कागदावर मांडून आण. तो 1978 चा. त्यातलं भोक गॅव्हिन लो यांनी 1995 मध्ये दाखवलं. त्यांचा पेपर आधी उघडायचा नाही, स्वतः शोधायचं. नाही सापडलं तरी ये, नेवऱ्या केलेल्या असतीलच.

तुझे,
सर