कापसाच्या हिशेबासाठी कोणती लँग्वेज धरू?

भाऊ, ऑब्जेक्ट ओरिएंटेड (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून प्रोग्राम लिहायची पद्धत) शिकायचं तर पायथन धर. साधारण लॅपटॉपवर चालते, एकदा टाकली की नेट नसलं तरी अडत नाही.

'कास्तकार' नावाचा क्लास, म्हणजे साचा, कर: नाव, भाव आणि काट्यावरच्या वजनांची लिस्ट. त्या साच्यातून बनलेला एकेक कास्तकार म्हणजे ऑब्जेक्ट. इथंच नवीन पोरं फसतात. रिकामी लिस्ट थेट क्लासच्या अंगात लिहिली, तर ती सगळ्या ऑब्जेक्टची एकच होते. एकाचे 12 क्विंटल दुसऱ्याच्याही खात्यात दिसतात. एरर काही येत नाही, हिशेब मात्र चुकतो. म्हणून लिस्ट इनिट मेथडमध्ये (मेथड म्हणजे क्लासमधलं फंक्शन; इनिट ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालते), सेल्फला, म्हणजे त्याच ऑब्जेक्टला, जोडूनच बनव. आणि मेथडच्या कंसात सेल्फ विसरलास, तर 'शून्य आर्ग्युमेंट घेते, एक दिलं' अशा अर्थाची टाइपएरर येईल. ते एक म्हणजे तो ऑब्जेक्टच.

पायथनमध्ये प्रायव्हेट, म्हणजे क्लासबाहेरच्यांना बंद असलेली माहिती, नुसतं नावापुरतं. जावात बाहेरून हात लावला की कंपायलरच (कोड चालण्याआधी तपासून बदलून देणारा प्रोग्राम) अडवतो. लिहिणं जास्त, पण शिस्त लागते.

सी++ नंतर घे. तिथं बेस क्लासच्या (ज्यावरून दुसरा क्लास बनतो त्या) मेथडला व्हर्च्युअल हा शब्द लावला नाही, तर दुसऱ्या क्लासनं ती मेथड बदलली असली तरी बेसच्या पॉइंटरवरून (ऑब्जेक्टचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलवरून) बेसचीच मेथड चालते. जावास्क्रिप्टमध्ये क्लास हा शब्द 2015 साली आला. आत जुने प्रोटोटाइपच (ज्यांच्याकडून दुसरे ऑब्जेक्ट मेथड घेतात ते ऑब्जेक्ट) आहेत. साध्या सी मध्ये स्ट्रक्ट (माहितीचा गठ्ठा) आणि फंक्शन पॉइंटर (फंक्शनचा पत्ता) घेऊन हे सगळं जमवता येतं, पण सुरुवातीलाच कशाला तो ताप?

इनहेरिटन्सच्या, म्हणजे एका क्लासवरून दुसरा बनवायच्या, मागं आताच लागू नको. आधी दोन कास्तकारांची वजनं वेगळी राहतात का, ते प्रिंट करून पाहा.