मॉरिशसचं घर आणि पहाटे चारची वॉच

या वर्षात हा प्रश्न मला तीन-चार जणींनी विचारला, शब्द वेगळे पण गाभा एकच. "मिस्टर फौजेत आहेत, पुढच्या वर्षी 54 ला रिटायर होतील, त्यांना बाहेरच्या देशात कुठेतरी शांत ठिकाणी सेटल व्हायचंय, म्हणतात आयुष्यभर पळलो आता जरा हळू जगू. मला हो म्हणायची पण भीती वाटते आणि नाही म्हणायची पण. काय करू?"

सरळ उत्तर माझ्याकडे नाही. एक केस सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ते नेव्हीतले कमांडर, मूळ रत्नागिरीकडचे. बाई शिक्षिका, पण ट्रान्सफरमुळे कुठेच परमनंट न झालेल्या. विझाग, कोची, कारवार, पोर्ट ब्लेअर, मुंबई, परत विझाग, असे अकरा संसार मांडले आणि मोडले असं त्या म्हणाल्या, आणि अकरा हा आकडा त्यांनी बोटांवर न मोजता सांगितला. मधली दोनेक वर्षं मॉरिशसला. तिथल्या नॅशनल कोस्ट गार्डमध्ये आपल्या नेव्हीचे ऑफिसर डेप्युटेशनवर जातात ना, तसे हे गेले होते. सरकारी घर, गाडी, मुलगा शाळेत, शनिवारी समुद्र. तेव्हापासून घरात एक वाक्य कायम, "रिटायर झालो की इथेच यायचं."

आणि खरंच गेले. तिथे पन्नाशीच्या पुढच्या परदेशी माणसाला रिटायर्ड म्हणून रेसिडेन्स परमिट मिळतं, दर महिन्याला ठरावीक डॉलर बाहेरून आणायचे एवढी मुख्य अट (आकडा बदलत असतो, तिथल्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाच्या साइटवरच बघा, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका). रिटायरमेंटनंतर सहा महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाकला भाड्याचं घर, समोर चालत समुद्र. नातेवाइकांनी फोटो बघून "नशीबवान आहात" वगैरे लिहिलं.

चौथ्या महिन्यात बाईंचा मला फोन, आवाज अगदी हळू कारण हे बाहेरच्या खोलीत. "मॅडम, हे पहाटे चारला उठतात. उठून काय करतात तर वारा कुठून आहे, ढग किती, प्रेशर किती, वहीत लिहून ठेवतात. मग साडेपाचला मला उठवतात. फ्रिजवर टाइमटेबल लावलंय. गेटचं बिजागर वाजतं म्हणून घरमालकाला आठवड्यात तीन मेसेज गेले. दुकानं पाच-साडेपाचला बंद होतात तर रोज संध्याकाळी चिडतात, की या लोकांना काम करायला नको. अहो, हेच हवं होतं ना यांना?"

मी आधी इतर गोष्टी तपासल्या, कारण "रिटायरमेंटमुळे होतंय" म्हणून डिप्रेशन सोडून दिल्याच्या केसेस मी पाहिल्यात. झोप, भूक, संध्याकाळचे पेग किती, वाईट स्वप्नं, आणि जगावंसं वाटत नाही असं कधी वाटतं का, हे त्यांना थेट विचारलं. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही निव्वळ गैरसमजूत आहे. पेग एकाचे तीन झाले होते, तेवढं सोडलं तर धोक्याचं काही नव्हतं. (तुमच्या घरात यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट आणि चोवीस तास.)

पहिल्या दोन सेशनला साहेब रिपोर्ट दिल्यासारखे बोलले. सगळं ठीक, हवा उत्तम, पत्नीला जरा अॅडजस्ट व्हायला वेळ लागतोय. तिसऱ्या वेळी मी प्रश्न बदलला, म्हटलं सर, मॉरिशसमधला तुमचा सगळ्यात आवडता दिवस कुठला? आणि माणूस वीस मिनिटं थांबला नाही. 12 मार्च 2015, तिथला राष्ट्रीय दिन, कोलकात्याला बांधलेलं बराकुडा जहाज त्या दिवशी आपल्या पंतप्रधानांच्या हस्ते कोस्ट गार्डमध्ये दाखल झालं, त्याआधीची धावपळ, कोण कुठे उभं होतं, युनिफॉर्मला इस्त्री कुठे करून घेतली, सगळं. चेहरा दहा वर्षांनी तरुण.

मी विचारलं, आणि यावेळी आल्यापासूनचा आवडता दिवस? बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "मॅडम, मी दर दोन दिवसांनी पोर्ट लुईला जातो. हिला सांगतो भाजी आणतो. तिथे कोदाँच्या धक्क्यावर उभा राहून जहाजं बघतो. एकदा जुन्या ऑफिसच्या गेटवर गेलो. गार्ड नवा पोरगा. त्याने आयडी मागितलं आणि विचारलं कुणाला भेटायचंय. मला नाव सांगता येईना. कुणालाच भेटायचं नव्हतं."

गार्डचं काहीच चुकलं नव्हतं, हे ते स्वतःच दोनदा म्हणाले.

माझ्या मते अख्खी केस इथे आहे. त्यांना मॉरिशसला यायचं नव्हतंच, त्यांना पंचेचाळीस वर्षांचा, कामात बुडालेला, खांद्यावर पट्टे असलेला तो माणूस परत हवा होता आणि तो त्या बेटावर राहतो अशी त्यांची समजूत झाली होती. नोकरीत असताना तिथला संथपणा गोड लागायचा कारण तो शनिवारपुरता होता. सात दिवस शनिवार आला की माणूस बावचळतो. फौजेतल्या लोकांना तर जास्तच, कारण तिथे सकाळी उठून काय करायचं हे तीस वर्षं दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि 54 म्हणजे काही म्हातारपण नव्हे, सिव्हिलमधले लोक त्या वयात प्रमोशनसाठी भांडत असतात. त्यात रिटायर्डच्या परमिटवर पगारी नोकरीही करता येत नाही.

बाईंचं दुःख मात्र पूर्ण वेगळं होतं आणि ते कुणी विचारलंच नव्हतं. मी पण उशिरा विचारलं, कबूल करते. हळू जगणं म्हणजे तुमच्यासाठी काय, असं विचारल्यावर त्या पटकन म्हणाल्या, "एकाच किराणावाल्याकडे दहा वर्षं सामान घेणं." बास. त्यांना समुद्र नको होता, ओळखीचे लोक हवे होते, आणि रिटायरमेंट हीच त्यासाठीची पहिली संधी होती, तर तिथे बारावा संसार मांडला गेला. हो म्हणाल्या होत्या, पण अकरा वेळा हो म्हणायची सवय लागलेल्या बाईचं बारावं हो किती खरं धरायचं? ही कॉलम वाचणाऱ्या साहेब लोकांनी हा प्रश्न जरा घरी विचारून बघा.

पुढे जे झालं त्यातलं निम्मं माझ्यामुळे झालं नाही. फ्लिक-आं-फ्लाकपासून जवळच कास्कावेल नावाचं गाव आहे, तिथे मराठी वस्ती जुनी. 1834 नंतर कोकणातून मजूर म्हणून ऊसमळ्यांवर गेलेल्यांचे हे वंशज, घरात क्रेओल ही तिथली बोली बोलतात, पण गणपती जोरात, इतका की गणेश चतुर्थीची तिथे देशभर सुट्टी असते. बाई तिथल्या देवळात सहज म्हणून गेल्या आणि शिक्षिकाच त्या, महिन्याभरात शनिवारी मुलांना मराठी शिकवायला लागल्या, पगार नाही काही नाही. एके दिवशी साहेब त्यांना सोडायला गेले तर आत पोरं गोल करून नाचत होती. जाखडी! तिथे तिला झाकरी म्हणतात. साहेबांच्या गावात गणपतीत जी चालते तीच, शब्द घासलेले, पण पाय तेच. ते दारातच उभे राहिले म्हणे आणि मग परत गाडीत जाऊन बसले. बाईंनी मला सांगितलं की हे गाडीत रडले, साहेबांनी मला सांगितलं की एसी बिघडला होता म्हणून घाम येत होता. दोन्ही लिहून ठेवलं.

टाइमटेबलचा तोडगासुद्धा बाईंचा. मी काढून टाका म्हणत होते, त्या म्हणाल्या नको, हे बिथरतील. जहाजावर चार-चार तासांच्या वॉच, म्हणजे ड्युटीच्या पाळ्या असतात, पण संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे करतात, डॉग वॉच, म्हणजे दिवसाच्या सहाऐवजी सात वॉच होतात आणि रोज त्याच माणसाच्या नशिबी तीच वॉच येत नाही. तीस वर्षं हे ऐकलेल्या बाईंनी फ्रिजवर लिहिलं: चार ते सहा तुम्ही कॅप्टन, सहा ते आठ मी. त्यांच्या दोन तासांत घरातली दुरुस्ती, वह्या, काय हवं ते. बाईंच्या दोन तासांत यांनी सूचना द्यायची नाही, आणि पेग ओतायची वेळ नेमकी त्यांच्या वॉचमध्ये येत होती हे काही मी सुचवलेलं नाही बरं का.

आता जाण्याआधी तपासायच्या गोष्टी, पटापट. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची वैद्यकीय योजना, भारताबाहेर चालत नाही, तिथला हेल्थ इन्शुरन्स वेगळा काढावा लागतो आणि पन्नाशीनंतर तो महाग पडतो. पेन्शन स्पर्शवरून (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन व्यवस्था) येत राहते पण वर्षातून एकदा जिवंत असल्याचा दाखला लागतो, तो मॉरिशसमध्ये भारतीय हायकमिशनमधून होतो. परदेशी राहायला गेलात की इथलं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीचं खातं, करावं लागतं. एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, आधीची असली तर ठेवता येते, त्यामुळे गावी तुकडा घ्यायचा असेल तर आधी घ्या. पेन्शन आपल्या रुपयात, भाडं त्यांच्या रुपयात, आणि त्यांचा रुपया आपल्या पावणेदोनच्या वर जातो. आणि घर विकून जाऊ नका. निदान पहिलं वर्ष तरी नाही. यांनी पुण्याचा फ्लॅट ठेवला होता म्हणून पुढचं बोलणं शक्य झालं.

पुढचं म्हणजे असं ठरलं की नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचा सीझन, तेव्हा कोकणात, साहेबांच्या आई 82 च्या आहेत त्यांच्याजवळ, आणि मे ते ऑक्टोबर तिथे. कागदावर सुंदर. फक्त गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात येतात हे नकाशे काढणाऱ्या नेव्हीच्या माणसाच्या लक्षात आलं नाही! आईंनी फोनवर सांगितलंय, तुझ्या बेटावर सुट्टी असेल नाहीतर काही असेल, आपल्या घरचा गणपती तू नसताना बसणार नाही. कास्कावेलची पोरं म्हणतात सर इथे थांबा. ते भांडण अजून चालू आहे, मी त्यात पडलेले नाही.

गेल्या महिन्यात बाईंचा मेसेज आला. "आज हे साडेसहापर्यंत झोपले. मीच घाबरून नाकाशी हात धरून बघितलं."