एका डेडिकेटेड सर्व्हरवर (फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेल्या मशीनवर) चालणारं वेब ॲप्लिकेशन साइट बंद न ठेवता क्लाउडवर कसं न्यावं? खर्च वाचतो का?

मोजकी काही मिनिटं सोडली तर साइट बंद न ठेवता नेता येतं. खर्च वाचेलच असं मात्र नाही.

तुमचं पीएचपी भाषेत लिहिलेलं, मायएसक्यूएल डेटाबेसवरचं ऑर्डर आणि बिलिंगचं ॲप आहे आणि सगळं एकाच सर्व्हरवर आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग ॲमेझॉनचं क्लाउड एडब्ल्यूएस घ्यावं की मायक्रोसॉफ्टचं अझूर, हा वाद थोडा पुढे ढकला. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन (डेटा सेंटरांचा समूह) 2016 पासून आहे, गूगलचंही मुंबईत आहे, अझूरचं पुण्यात. वेगातला फरक तुमच्या ग्राहकाला कळणारही नाही. खरं काम आहे ते जुन्या सर्व्हरला काय काय चिकटलंय ते खरवडून काढायचं. प्रत्येक यूजरचा क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची (क्रॉनची) यादी, उघडा. अपलोड झालेल्या फायली कुठे पडतात, सेशन (लॉग-इन केलेल्या ग्राहकाची तात्पुरती माहिती) डिस्कवर लिहिली जातात का, कोडमध्ये कुठे थेट आयपी (मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता) लिहिलाय, हे शोधा. अपलोड एडब्ल्यूएसच्या एस3 सारख्या स्टोरेजमध्ये आणि सेशन रेडिसमध्ये (मेमरीत चालणाऱ्या वेगवान डेटाबेसमध्ये) नेण्याचा बदल जुन्या सर्व्हरवर असतानाच करून घ्या. कोड आणि सर्व्हर दोन्ही एकदम बदललं की बिघाड कुठला, हेच कळत नाही.

बिलिंग आहे म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. तुमचा जुना सर्व्हर बहुधा भारतीय वेळेवर लावलेला असेल. क्लाउडवरची नवी मशीन आणि आरडीएसचा (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेचा) डेटाबेस, दोन्ही मुळात यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, म्हणजे साडेपाच तास मागे. रात्री दोनला ठेवलेला बॅकअप सकाळी साडेसातला सुरू होईल, ते एक वेळ चालेल. पण 1 एप्रिलला रात्री एक वाजता आलेली ऑर्डर डेटाबेस 31 मार्च, संध्याकाळी 7:30 अशी नोंदवेल. बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात! सीए फोन करेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. आरडीएसच्या पॅरामीटर ग्रुपमध्ये (डेटाबेसच्या सेटिंगच्या संचात), पीएचपीच्या सेटिंगमध्ये आणि मशीनवर असं तिन्हीकडे टाइमझोन तपासा.

दुसरं, ग्राहकांची नावं मराठीत असतील तर टेबलांचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बघा. जुन्या टेबलांत अनेकदा रोमन अक्षरांसाठीचा लॅटिन1 असतो आणि कनेक्शनही लॅटिन1च असल्यामुळे स्क्रीनवर सगळं ठीक दिसत राहतं. मायएसक्यूएल 8 मध्ये डीफॉल्ट यूटीएफ8एमबी4 (सगळ्या लिप्या मावणारा सेट) आहे, तिथे तीच नावं टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग होऊन येतात. असे कॉलम सरळ कन्व्हर्ट करू नका, आधी ब्लॉब (अक्षरं न मानता नुसते बाइट साठवणारा प्रकार) करा आणि मग यूटीएफ8एमबी4. आणि हे डेटाबेसच्या प्रतीवर करून बघा, चालू डेटाबेसवर नाही.

पेमेंट गेटवे, एसएमएसवाला किंवा बँक यांनी तुमचा आयपी व्हाइटलिस्ट केला असेल, म्हणजे फक्त त्याच पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्या घेत असतील, तर नवा स्थिर आयपी आधी घेऊन त्यांना आजच मेल टाका. तांत्रिक कामापेक्षा बँकेच्या उत्तरालाच जास्त दिवस लागतात. ईमेलचंही आधीच बघा. ईसी2 वरून (एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या मशीनवरून) मेल पाठवायचा नेहमीचा मार्ग, पोर्ट 25, मुळात बंद असतो, तेव्हा 587 वरून एखाद्या मेल सेवेमार्फत पाठवा.

आता प्रत्यक्ष हलवणं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून आयपी सांगणारी नोंद, आणि टीटीएल म्हणजे ती इतरांनी किती सेकंद जपून ठेवायची ते. डीएनएसचा टीटीएल 86400 असेल तर तो दोन दिवस आधी 300 करा. नवा डेटाबेस जुन्याचा रेप्लिका (जुन्यातले बदल सतत घेत राहणारी प्रत) म्हणून लावा. स्वतःच्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (ती डीएनएसच्या आधी बघितली जाते) नवा आयपी टाकून साइट नीट फिरवून बघा, पण ऑर्डर टाकण्याची चाचणी वेगळ्या प्रतीवर करा. ठरल्या रात्री जुन्या साइटवर मेंटेनन्सचं पान लावा, क्रॉन बंद करा, रेप्लिका शून्य सेकंद मागे आहे ना ते पाहा, त्याला मुख्य करा आणि डीएनएस बदला. टीटीएल न जुमानणारे इंटरनेटवाले निघतातच, म्हणून जुन्या सर्व्हरवरचं एनजिनएक्स (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) काही दिवस येईल ती विनंती नव्याकडे पाठवत राहू दे. एवढी एक गोष्ट केली की 'माझ्याकडे जुनीच साइट दिसते' हे फोन जवळपास थांबतात.

खर्चाचं म्हणाल, तर डेडिकेटेड सर्व्हरच्या भाड्यात सहसा बराच डेटा ट्रान्सफर धरलेला असतो. एडब्ल्यूएसवर बाहेर जाणारा डेटा महिन्याला 100 जीबीपर्यंत फुकट, पुढे मुंबईतून दर जीबीला साधारण 11 सेंट. 1 टीबी गेला की फक्त त्याचेच शंभरेक डॉलर. 2024 पासून पब्लिक आयपीव्ही4 लाही (इंटरनेटवरच्या नेहमीच्या आयपी पत्त्यालाही) तासाला अर्धा सेंट लागतो. बेसकॅम्प बनवणाऱ्या 37सिग्नल्सने 2022 मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं, त्यामागेही हाच हिशेब होता: भार ठरावीक असेल तर स्वतःची मशीन स्वस्त पडते. तुमचा भार वर्षभर सारखाच असेल तर मी तरी नुसत्या बचतीसाठी हलवणार नाही. दिवाळीत ऑर्डरी चौपट होत असतील किंवा डिस्क गेली की धंदा बंद अशी स्थिती असेल, तर हलवा.

आणि जुना सर्व्हर लगेच परत करू नका. एक महिनाअखेर, तिची बिलं आणि जीएसटीचे रिपोर्ट नव्या जागेवरून नीट निघेपर्यंत त्याचं भाडं भरा.