गवत मारायचं औषध: आधी बाटलीत काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न असा की सोसायटीचा माळी कंपाउंडच्या कडेने गवत मारायचं औषध मारतो, पोरं तिथेच खेळतात, तर कॅन्सर होईल का. कॅन्सरचं नंतर बघू, आधी माळ्याला औषधाचं नाव विचारा. नाही सांगता आलं तर गवत बघा. कडक उन्हात एका दिवसात करपलं तर पॅराक्वाटच्या जातीचं काहीतरी असू शकतं, आठ-दहा दिवस हळूहळू पिवळं पडत मुळासकट गेलं तर बहुतेक ग्लायफोसेट. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ग्लायफोसेट झाडातलं जे एन्झाइम बंद पाडतं ते माणसात नसतंच, त्यामुळे लगेच विषबाधा होण्याच्या बाबतीत ते त्यातल्या त्यात सौम्य, पण पानाला नीट चिकटावं म्हणून त्यात साबणासारखं जे घालतात ते डोळ्यांना झोंबतं आणि मासे-बेडकांना चांगलंच भोवतं. २०१५ मध्ये आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था) त्याला बहुधा कॅन्सरकारक म्हटलं, अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए आणि युरोपची अन्नसुरक्षा संस्था ईएफएसए तसं मानत नाहीत. पण आयएआरसी कॅन्सर होऊ शकतो का एवढंच बघते, किती अंगात गेलं तर, ते नाही.

पॅराक्वाटचं तसं नाही हो. एखादा घोट पोटात गेला तरी जीवावर बेततं आणि त्याला उतारा नाही. ते फुफ्फुसात जाऊन साठतं आणि तिथल्या ऑक्सिजनलाच हाताशी धरून पेशी जाळतं, म्हणून डॉक्टर अगदी गरज पडेपर्यंत ऑक्सिजन लावत नाहीत. सुरुवातीला नुसती घशात जळजळ, उलट्या, माणूस बोलता-चालता असतो, दम लागतो तो नंतर. युरोपियन युनियनमध्ये ते २००७ पासून बंद आहे.

आणि आपल्याकडे हे ठेवतात कुठे, तर मीटर रूममध्ये, पाण्याच्या जुन्या बाटलीत, लेबल नाही काही नाही! मला फवारणीपेक्षा त्या बाटलीची जास्त भीती वाटते. मूळ डब्यातच कुलपात ठेवायला लावा. कोणी प्यायलंच तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, डबा सोबत घेऊन सरळ मुंबईतल्या केईएम किंवा सायन हॉस्पिटलला पळा. फवारलेलं पूर्ण सुकेपर्यंत पोरं, मांजरं लांब. कमिटीला हेही सांगा की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं, माळ्याने नाही, असा सरकारी आदेश २०२२ मध्ये निघाला होता. तसंही जूनच्या तोंडावर मारलेलं औषध पहिल्या सरीबरोबर नाल्यात जातं, त्यापेक्षा दोन माणसं लावून गवत कापून घ्या.