खाकी की मस्टर?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कापूस वेचून झाला की गावातले पोट्टे दिवसभर पानठेल्यावर बसतात आणि भांडणं सुरू होतात. यंदा धुळवडीला डोकी फुटली. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणाऱ्या माझ्या आतेभावावरही गुन्हा दाखल झाला. मला हे सारं थांबवण्याचं काम करायचं आहे. पोलीस भरती करू की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी)?

उत्तर : डोकं फुटल्यावर गावात येतो तो ठाणेदार. ते फुटू नये म्हणून फेब्रुवारीतच त्या पोट्ट्यांना मस्टरवर, म्हणजे रोजगार हमीच्या कामाच्या हजेरीपटावर, चढवणारा माणूस वेगळा. तुझ्या पत्रातली कळकळ या दुसऱ्या कामाची आहे.

हे काम खरंच चालतं का, ते शिकागोत तपासून झालं आहे. 2012 च्या उन्हाळ्यात तिथल्या मारामाऱ्यांनी गाजलेल्या भागांतल्या शाळकरी मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून 8 आठवड्यांचं पगारी काम दिलं. पुढच्या 16 महिन्यांत त्यांच्यातल्या हिंसक गुन्ह्यांच्या अटका, काम न मिळालेल्यांच्या तुलनेत 43 टक्क्यांनी कमी भरल्या. गंमत म्हणजे हा फरक बहुतेक काम संपल्यानंतर पडला. म्हणजे पोरं नुसती गुंतून राहिली म्हणून शांत झाली, असं नव्हे. त्यांच्या मागे एक मोठं माणूसही नेमलेलं होतं. मला वाटतं, तुला ते माणूस व्हायचं आहे.

आपल्याकडे हे काम एकाच खुर्चीकडे नाही, ते वाटलेलं आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्येच केला. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, नाही तर बेरोजगार भत्ता. पण बारावी झालेला पोट्टा शेततळ्यावर फावडं धरायला लाजतो, हेही तुला ठाऊक असेल. तिथे ग्रामरोजगार सेवकाचा अर्ज पुरत नाही, घरी जाऊन बसावं लागतं. भांडणाची कुणकुण आधी लागते ती पोलीस पाटलाला. त्या पदाला दहावी, गावचा रहिवास आणि वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात. बायांसाठी राखीव जागाही असतात. गडचिरोलीत तर पोलिसांनीच ‘दादालोरा खिडकी’ उघडून योजनांची आणि रोजगाराची कामं हातात घेतली आहेत.

भरतीचं गणित सरळ आहे : बारावी, मुलींना 155 सेंमी उंची, मैदानी 50 गुण (800 मीटर, 100 मीटर, गोळाफेक), लेखी 100. धावायची आवड असेल तर जरूर उतर. पण शिपायाची ड्युटी बंदोबस्तात जाते आणि बदली तुला तुझ्या गावातून उचलते. मी तुझ्या जागी असते तर बी.ए. पुरं करून एमएसडब्ल्यू केलं असतं. कॉलेज निवडताना इमारत पाहू नकोस, क्षेत्रकार्याला, म्हणजे लोकांत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाला, मुलांना कुठे पाठवतात ते विचार. पंचविशी आली की पोलीस पाटलाच्या जाहिरातीवर नजर ठेव.

तोवर येत्या जानेवारीत चार पोट्ट्यांना घेऊन ग्रामपंचायतीत जा, कामाची मागणी लेखी दे आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

आतेभावाला सांग, चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मात गुन्हा लपवू नको. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात म्हटलंय की माहिती दडवणं हेच नोकरी जायला कारण ठरू शकतं. खरं लिहिलं तर निदान प्रकरण किती किरकोळ होतं ते पाहिलं जातं. वकिलाकडून गुन्ह्याची कलमं लिहून घे आणि मला पाठव.