बूटस्ट्रॅप ५ चा नॅवबार: बटण दिसतं, पण मेनू उघडत नाही

बूटस्ट्रॅप (वेबपानं रचायचं तयार सीएसएस आणि जावास्क्रिप्ट) वापरून केलेल्या नॅवबारमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या मेनूच्या पट्टीत, तुमच्या तीन अडचणी आहेत: मोबाइलवर तीन रेघांचं बटण दाबून काही होत नाही, 'लॉगिन' उजव्या टोकाला सरकत नाही, आणि बार वर चिकटवल्यापासून पानाचं शीर्षक त्याच्याखाली झाकलं जातं. पहिल्या दोन्हींचं मूळ एकच आहे. तुम्ही उचललेला नमुना चौथ्या आवृत्तीचा आहे आणि जोडलेल्या फाइली पाचव्या आवृत्तीच्या. स्वतःचं सीएसएस चढवून हे सुटणार नाही, त्यामुळे ते आधी काढून टाका आणि सांगाडा तपासा.

बाहेर 'नॅव' टॅग, त्यावर 'नॅवबार' आणि 'नॅवबार-एक्स्पांड-एलजी' हे क्लास. त्याच्या आत 'कंटेनर-फ्लुइड'. पाचव्या आवृत्तीत हा कंटेनर वगळता येत नाही. वगळलात तर लोगो पडद्याच्या कडेला चिकटतो. कंटेनरमध्ये ओळीने तीन गोष्टी: लोगोची लिंक, टॉगलर (तीन रेघांचं) बटण आणि 'कोलॅप्स नॅवबार-कोलॅप्स' असलेला डिव्ह. लिंकांची यादी या डिव्हच्या आत येते. 'एलजी' म्हणजे ९९२ पिक्सेल. त्याहून अरुंद पडद्यावर यादी मिटते. मेनूत तीनचारच शब्द असतील तर ७६८ वालं 'एमडी' घ्या, टॅबलेटवर उगाच बटण दाबायला लावू नका.

आता बटण. चौथ्या आवृत्तीत 'डेटा-टॉगल' आणि 'डेटा-टार्गेट' असायचं. पाचव्यात मध्ये 'बीएस' आलं: 'डेटा-बीएस-टॉगल', 'डेटा-बीएस-टार्गेट'. जुनी नावं ठेवली तर कुठलाही एरर येत नाही, बटण नुसतं मुकं राहतं. टार्गेटमध्ये कोलॅप्सच्या डिव्हच्या आयडीच्या आधी हॅशचं चिन्ह हवं, 'एरिया-कंट्रोल्स'मध्ये मात्र ते नको. या दोघांत अदलाबदल फार जणांकडून होते.

नावं बदलूनही उघडलं नाही, तर ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडा, तो कोलॅप्सचा डिव्ह निवडा आणि त्याच्याकडे बघत बटण दाबा. क्लासमध्ये क्षणभर 'कोलॅप्सिंग' आणि मग 'शो' आलं, तर जावास्क्रिप्ट ठीक आहे आणि कुठलं तरी सीएसएस यादी लपवतंय. टेलविंड (दुसरी सीएसएस लायब्ररी) ही त्याच पानावर असेल तर चोर बहुधा तोच: त्याचाही 'कोलॅप्स' नावाचा क्लास आहे आणि तो घटक थेट अदृश्य करतो. क्लास अजिबात हलले नाहीत, तर स्क्रिप्ट लोड झालेली नाही, ॲट्रिब्यूटचं नाव चुकलंय किंवा आयडी जुळत नाही.

स्क्रिप्ट 'बंडल' नावाची घ्या. साध्या फाइलमध्ये पॉपर (तरंगत्या मेनूची जागा ठरवणारी लायब्ररी) नसतं. कोलॅप्सला ते लागत नाही, ड्रॉपडाउनला लागतं. म्हणून साधी फाइल जोडली की मेनू उघडतो पण त्यातला ड्रॉपडाउन उघडत नाही आणि कन्सोलमध्ये पॉपरच्या नावाने एरर दिसतो. उलट बंडल दोनदा जोडलं गेलं असेल (एकदा लेआउटमध्ये, एकदा पानात), तर एकाच क्लिकला ड्रॉपडाउन उघडून लगेच मिटतो, म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं दिसत नाही.

'लॉगिन'चं सोपं आहे. 'एमएल-ऑटो' आता 'एमएस-ऑटो' झालंय आणि 'एमआर-ऑटो' हे 'एमई-ऑटो'. डावं-उजवं जाऊन आरंभ-अंत आलं, कारण उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिपींत बाजू उलटते. डाव्या यादीला 'एमई-ऑटो' द्या, पुढचं सगळं आपोआप टोकाला जाईल.

बार गडद केल्यावर तीन रेघा गायब वाटल्या, तर त्या पार्श्वचित्र म्हणून येतात हे लक्षात घ्या. मजकुराचा रंग बदलून त्या बदलणार नाहीत. ५.३ पासून नॅव टॅगवर 'डेटा-बीएस-थीम' ला 'डार्क' द्यायचं.

तिसरी अडचण: 'फिक्स्ड-टॉप'. हा बार पानाच्या प्रवाहातून बाहेर पडतो, त्यामुळे खालचा मजकूर वर सरकून त्याच्या मागे जातो. बॉडीला वरून पॅडिंग द्यावं लागतं. मूळ बार साधारण ५६ पिक्सेलचा असतो, पण लोगो मोठा असेल तर मोजून घ्या. माझं मत विचाराल तर 'स्टिकी-टॉप' घ्या, तो आपली जागा राखतो. तो चिकटत नसेल तर दोन कारणं शोधा: वरच्या एखाद्या घटकावर 'ओव्हरफ्लो हिडन' आहे, किंवा नॅव एका बुटक्या हेडरमध्ये कोंडलंय आणि हेडर सरकला की तोही जातो. पानातल्या पानात उडी मारणाऱ्या लिंका असतील, तर दोन्ही प्रकारांत एचटीएमएल घटकाला 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप' बारच्या उंचीएवढं द्या, नाहीतर प्रत्येक मथळा बारखालीच जाऊन थांबेल.

पुढे तुम्ही सरकता बॅनर (स्लाइडर) जोडणार आहात, म्हणून आत्ताच सांगतो. झेड-इंडेक्स म्हणजे कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा: ड्रॉपडाउनचा १०००, स्टिकीचा १०२०, फिक्स्डचा १०३०, मोडलचा (पानावर उघडणाऱ्या खिडकीचा) १०५५. स्लाइडरने स्वतःला ९९९९ दिलं आणि मेनू त्याच्यामागे गेला, तर मेनूला ९९९९९ देऊ नका. तो मोडलच्याही वर येऊन बसेल. स्लाइडरच्या बाहेरच्या डिव्हला 'आयसोलेशन: आयसोलेट' द्या, त्याचे आकडे त्याच्यापुरते राहतील.

लिंक दाबल्यावर पान नव्याने लोड होत नसेल (रिॲक्ट, व्ह्यू वगैरे), तर मोबाइलवर मेनू उघडाच राहतो. कोलॅप्सच्या 'गेट-ऑर-क्रिएट-इन्स्टन्स'ने इन्स्टन्स (त्या मेनूचा चालू ऑब्जेक्ट) घेऊन लिंक दाबल्यावर 'हाइड' बोलवा, पण ऑप्शनमध्ये 'टॉगल' ला 'फॉल्स' द्या. ते दिलं नाही आणि इन्स्टन्स आधीपासून नसेल, तर तो तयार होतानाच टॉगल होतो. ड्रॉपडाउनच्या बटणांना मात्र हे लावू नका, नाहीतर उपमेनू उघडायला गेलं की सगळाच मेनू मिटेल.

'रोल' ला 'मेनूबार' लिहू नका. त्या रोलचा अर्थ बाणांच्या कळांनी फिरता येणारा, सॉफ्टवेअरसारखा मेनू असा होतो. ती सोय तुमच्या बारमध्ये नाही, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा फसतो. 'नॅव' टॅग पुरेसा आहे. चालू पानाच्या लिंकवर 'ॲक्टिव्ह' क्लासबरोबर 'एरिया-करंट' ला 'पेज' द्या, कारण नुसता रंग ऐकू येत नाही.